जुन्या आयरिश खेड्याचा हिशेब मजुरीपासून मांडा

आयर्लंडच्या जुन्या खेड्याचा विषय निघाला की वाद घालणाऱ्यांच्या लगेच दोन फळ्या पडतात. एका फळीला आठवतात गवताने शाकारलेली पांढरी घरं, दोन्ही अंगांना टोपल्या लादलेलं गाढव, घोड्याला नाल ठोकणारा लोहार, विस्तवाशी बसून रात्र-रात्र कथा सांगणारा शॅनखी, दोन घरांत बोलणी करून लग्नं जमवणारा मध्यस्थ, पत्र्याचे डबे करत गावोगाव हिंडणारा भटक्या. ‘काय एकेक वल्ली होत्या, आता तशी माणसं राहिली नाहीत,’ हा त्यांचा सूर. दुसऱ्या फळीला आठवतो क्षयरोग, ओल धरलेल्या भिंती, पाद्र्याचा धाक आणि बोटीने परदेशी गेलेली पोरं. ‘गेलं ते बरंच झालं,’ हा त्यांचा निकाल. मार्चमध्ये सेंट पॅट्रिकचा सण आला की हा वाद पुन्हा उकरला जातो. २०२२ साली टर्फच्या, म्हणजे दलदलीतून काढलेल्या सरपणाच्या, विक्रीवर निर्बंध यायचे ठरले तेव्हा तर तो तिथल्या संसदेत जाऊन पोहोचला.

मला दोन्ही फळ्यांचं म्हणणं अपुरं वाटतं, आणि तेही एकाच कारणाने. दोघांनाही ती माणसं काम करताना दिसत नाहीत. पहिल्यांना ती शोभेची दिसतात, दुसऱ्यांना कीव करण्याजोगी. जुन्या आयरिश खेड्याची आठवण ठेवायची असेल तर सुरुवात कामापासून व्हायला हवी: काय करायचे, कसं शिकले, बदल्यात काय मिळायचं, आणि कुणाला काहीच मिळायचं नाही. लकबी आणि किस्से मागून येऊ देत. तेही हवेतच, पण मागून.

टर्फचंच घ्या. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखे तुकडे कापून वाळवलेलं पीट, कित्येक पिढ्यांचं सरपण. चित्रात आपल्याला घराशेजारची नीट रचलेली रास दिसते. तिच्यामागचं काम असं. आधी वरचा गवताचा थर खरवडून काढायचा. मग श्लान नावाचं, पात्याच्या एका बाजूला पंख असलेलं अरुंद फावडं रेटून ओला तुकडा कापायचा आणि त्याच झटक्यात तो वर उडवायचा. काठावर उभा असलेला जोडीदार तो हातांनी झेलणार आणि ढकलगाडीवर रचणार. ओल्या पीटमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे दिवसभर ही माणसं मुख्यतः पाणीच उचलत. मग तुकडे पसरायचे, जरा कडक झाले की चार-पाच तुकडे एकमेकांना टेकवून उभे करायचे, पुढे त्यांचे मोठे ढीग लावायचे, आणि मध्येच पावसाने झोडपलं की वाळवण पुन्हा पहिल्यापासून. तुकडे उभे करायचं काम बहुतेक बायकामुलांच्या वाट्याला यायचं. हलकं काम समजायचे ते. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकून राहणं ज्याला हलकं वाटतं त्याने ते कधी केलेलं नसतं.

आता २०२२ चा वाद या कामाशेजारी ठेवून पाहा. एक बाजू परंपरेचा हवाला देत होती, दुसरी हवामानाचा. दलदल राखायलाच हवी, तिच्यात साठलेला कार्बन बाहेर येता कामा नये, टर्फचा धूर फुफ्फुसांना घातक आहे. हे सगळं मला मान्य आहे. पण १९४६ साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने यंत्रं लावून अफाट दलदल खरवडली, ती वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत गेली, आणि अनेक दशकं देश त्याला प्रगती म्हणत राहिला. तिने पीट काढणं कायमचं थांबवल्याची घोषणा केली ती थेट २०२१ साली. यंत्राचं काम उद्योग म्हणून मोजलं गेलं, त्यात नोकऱ्या होत्या, म्हणून ते बंद होताना कामगारांच्या पुनर्वसनाची भाषा निघाली. फावड्याचं काम मात्र एका बाजूला संस्कृती ठरलं, दुसऱ्या बाजूला खोड. घरची चूल पेटवायला स्वतः राबणाऱ्या वयस्क माणसाशी श्रम करणारा माणूस म्हणून कोण बोललं?

काम नजरेआड झालं की त्या जागी दंतकथा उगवते. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरान बेटांवर चित्रित झालेला, १९३४ साली प्रदर्शित झालेला एक जगप्रसिद्ध चित्रपट आहे. त्यात बेटकरी लहानशा होडीतून अवाढव्य मुशीची शिकार करतात. ही शिकार तिथे कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती. चित्रीकरणासाठी ती त्यांना नव्याने शिकवावी लागली. उघड्या खडकावर वाळू आणि समुद्रशेवाळ टोपल्यांनी वाहून शेतापुरती माती तयार करणं, हे त्या बेटांचं खरं, वर्षानुवर्षांचं काम. तेही त्याच चित्रपटात आहे. जगाने लक्षात ठेवली ती शिकार. अरानच्या स्वेटरचंही तसंच. प्रत्येक घराण्याची वीण निराळी, बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटायची, असं पर्यटकाला आजही सांगितलं जातं. खरं तर हे स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडत गेले. गरीब किनारी भागांत चार पैसे यावेत म्हणून सरकारी मंडळाने विणकामाला उत्तेजन दिलं होतं. बायका घरी बसून नगावर विणत. घराण्याच्या विणीची गोष्ट सांगितली की स्वेटरची किंमत वाढते. नगामागे बाईच्या हातात काय पडत होतं हे सांगितलं तर तिच्या बोटांची किंमत कळते. दुकानदाराला पहिली गोष्ट लागते हे मी समजू शकतो. इतिहास सांगणाऱ्यानेही तीच का सांगावी?

या दंतकथेला राज्यकर्त्यांचाही हात लागलेला आहे. १७ मार्च १९४३ रोजी तेव्हाचे पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांनी रेडिओवरून काटकसरी, समाधानी, देवभीरू घरांच्या आयर्लंडचं स्वप्न सांगितलं. भाषण सुंदर आहे आणि त्यांची कळकळही खरी असावी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या घरांतली माणसं बोचकी बांधून निघाली. एकट्या १९५० च्या दशकात सुमारे चार लाख लोक देश सोडून गेले आणि १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाखांवर घसरली. ज्या खेड्याचं स्तोत्र गायलं जात होतं त्याच खेड्यात पोट भरत नव्हतं.

सगळ्यांत अस्वस्थ करणारा योगायोग १९३७ चा आहे. त्या शरद ऋतूत आयरिश लोकसाहित्य आयोगाने एक विलक्षण उपक्रम सुरू केला. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांनी आजीआजोबांना, शेजाऱ्यांना विचारून गावच्या गोष्टी, औषधं, खेळ, हुन्नर, लोहार-विणकर-बुरूड यांची माहिती वह्यांत उतरवायची. जगात क्वचितच कुठल्या देशाने आपल्या मुलांकडून एवढं मोठं आणि सुंदर काम करून घेतलं असेल. आणि त्याच सप्टेंबरात, १६ तारखेच्या पहाटे, स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉख गावी बटाटे काढायला गेलेले, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याच्या अ‍ॅकिल बेटावरचे दहा मुलगे मजुरांच्या खोपटाला लागलेल्या आगीत मेले. सर्वांत लहान तेरा वर्षांचा होता. शाळेत वही भरायचं वय. अ‍ॅकिलची रेल्वे तेव्हा बंद होण्याच्या बेतात होती. त्यांच्या शवपेट्या त्याच रेल्वेने घरी आल्या. आणि ती रेल्वे १८९४ साली सुरू होत असतानाही तिने आधी मृतदेहच वाहिले होते, स्कॉटलंडच्या बोटीला गाठायला निघालेल्या आणि क्ल्यू उपसागरात बुडालेल्या बत्तीस अ‍ॅकिलकरांपैकी अनेकांचे. बटाट्याचे हंगामी मजूर, लेटरकेनी आणि स्ट्रबेनच्या मजूर-बाजारात सहा-सहा महिन्यांच्या करारावर उभी राहणारी डोनेगलची पोरं. जुन्या आयर्लंडचं ‘पारंपरिक काम’ म्हणताना यांची नावं किती जणांना आठवतात? नाल ठोकणारा लोहार पोस्टकार्डावर आला. बटाटे काढणारा आला नाही, कारण तो गावात नव्हताच. गावच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून तो बाहेर होता.

इथे दुसरी फळी म्हणेल, मग आमचंच बरोबर ठरलं. नरक होता तो, संपला ते चांगलं झालं. त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच मांडतो. मार्च १८९५ मध्ये टिपेररी काउंटीतल्या बॅलीव्हाडली इथे ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला तिच्या नवऱ्याने जाळलं. ही आपली बायको नाही, परींनी खरी बायको पळवून तिच्या जागी दुसरं काही ठेवलंय, असं तो म्हणत होता. नवरा पिंपं बनवणारा कारागीर होता. ब्रिजेट कपडे शिवायची, तिच्याकडे शिवणयंत्र होतं, कोंबड्या होत्या, हातात स्वतःचे पैसे होते. आणि परींच्या या कल्पनेला खतपाणी घालणाऱ्यांत जॅक डन हा गावचा कथा सांगणारा म्हाताराही होता. खटल्यात त्यालाही शिक्षा झाली. म्हणजे कारागीर आणि शॅनखी, पोस्टकार्डावरची दोन लाडकी माणसं, या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहेत. हे नाकारून जुन्या खेड्यावर प्रेम करता येत नाही.

पण या घटनेतून ‘सगळं अज्ञान होतं’ एवढाच धडा काढला तर ब्रिजेटवरही अन्याय होतो. ती स्वतः त्या खेड्याचीच होती. स्वतःच्या कमाईवर ताठ उभी असलेली कुशल बाई, हेही जुनं खेडंच. तिला वगळून ज्यांनी तिला मारलं तेवढ्यांनाच खेड्याचे प्रतिनिधी का मानायचं? आणि अज्ञान म्हणून जे एका फटक्यात फेकून दिलं जातं त्यात किती कसब होतं हे तपासायला नको का?

शॉन ओ कॉनलचं उदाहरण पाहा. केरी काउंटीतल्या किल रियालिग या डोंगरकडेच्या वस्तीतला हा शेतकरी आणि मच्छीमार. शाळेत कधी गेला नाही, लिहितावाचता येत नव्हतं, आयरिशखेरीज दुसरी भाषा नव्हती. आपला मुलूख सोडून तो एकदाच, रेल्वेने किलॉर्ग्लिनच्या जत्रेला गेला आणि चालत परत आला. पुढे लोकसाहित्य आयोगाचे संचालक झालेले शेमस डेलार्गी त्याला १९२३ साली भेटले आणि त्याच्या तोंडून त्यांनी एक अख्खं पुस्तक भरेल इतकं साहित्य उतरवून घेतलं. ऐकणारे कमी होत चालले तशी विसरण्याच्या भीतीने हा माणूस एकट्यानेच कथा म्हणून पाहायचा. बाजारातून परतताना, गाडीमागून चढ चढत, हातवारे करत तो कथेचा सराव करताना लोकांना आढळला होता. त्याकडे ‘गाडीमागे एकटाच बडबडणारा वल्ली म्हातारा’ म्हणून पाहता येतं. किंवा आपली कला गंजू नये म्हणून रोज रियाज करणारा कलावंत म्हणून. कुठलं पाहणं खरं, याबद्दल मला तरी शंका नाही.

मयताला शोकगीतं म्हणणाऱ्या बायकांचीही हीच कथा. मृताच्या कुळाची, गुणांची, घरच्यांच्या दुःखाची गाणी त्या जागच्या जागी रचत. त्यांना त्याचे पैसे मिळत, तंबाखू मिळे, दारू मिळे. चर्चने शतकानुशतकं ही प्रथा मोडायचा प्रयत्न केला आणि अखेर ती मोडली. पुढे लिहिणाऱ्यांनी या बायकांना एक तर ढोंगी ठरवलं, पैसे घेऊन रडतात म्हणून, नाहीतर गूढ प्राचीन स्त्रीशक्ती केलं. पाद्रीही अंत्यविधीची दक्षिणा घेतच असे. त्याला ढोंगी कुणी म्हटलं नाही. मोबदला घेतल्याने शोक खोटा ठरत नाही.

‘पैशांचा हिशेब काय मांडता, तिथे सगळं एकमेकांच्या मदतीवर चालायचं,’ असा एक मुद्दा हमखास येतो, आणि तो हलका नाही. मेहल ही पद्धत खरोखर होती. कापणीला, मळणीला, टर्फ काढायला शेजारीपाजारी जमायचे, घरधनीण सगळ्यांना जेवू घालायची. आपल्याकडची इर्जिक ज्यांनी पाहिली असेल त्यांना यात काही नवल वाटणार नाही. पण १९३० च्या दशकात हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञांनी क्लेअर काउंटीत मुक्काम ठोकून अभ्यास केला तेव्हा त्यांना काय दिसलं? ही देवाणघेवाण मुख्यतः नातेवाइकांमध्ये चालायची आणि कुणी कुणाच्या शेतात राबलं याची पक्की आठवण ठेवली जायची. अर्थ सरळ आहे. मेहल हा सुद्धा हिशेबच होता, फक्त वहीत लिहिलेला नव्हता. त्यात परतफेडीची ताकद लागायची, भाऊबंद लागायचे. ज्याच्याकडे दोन्ही नाही अशा भूमिहीन मजुराला मेहल नव्हतं. त्याला मजूर-बाजार होता. मेहलचं कौतुक मी कमी करत नाही. जेवणावळीचा सगळा भार उचलणाऱ्या घरधनिणीला त्या कौतुकात धरा, आणि बाहेर राहिलेल्यालाही विसरू नका, एवढंच म्हणतो.

आणखी एक आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो. सगळ्या गोष्टी मजुरीत मोजल्या तर त्या माणसांतली गंमत, त्यांचं स्वातंत्र्य, त्यांचा स्वतःचा आनंद कुठे राहिला? खेड्याने स्वतःच या माणसांचे किस्से जपले होते. बाहेरच्याने येऊन त्यांना कामगारांच्या यादीत का बसवावं? यावर उत्तर म्हणून मी जॉनी डोरनकडे बोट दाखवेन. जन्म १९०८. पिढ्यानपिढ्या भटकत जगणाऱ्या आयरिश प्रवासी समाजातला हा माणूस, इलिन पाइप्स हे भात्यावर चालणारं आयरिश वाद्य वाजवणारा, घोड्याच्या बंद गाडीतून कुटुंबासह फिरणारा. त्याचं वादन ऐकून त्या काळच्या कितीतरी वादकांची आयुष्यं बदलली. जत्रा, सामने, आठवडी बाजार ही त्याची व्यासपीठं आणि तोच त्याचा रोजगार. लोक थांबतील, थरारतील आणि नाणं टाकतील असं वाजवायचं; त्या सुरावटींचा बेफाम वेग आणि रंगत याच गरजेतून घडली असावी असं मला वाटतं. १९४७ साली लोकसाहित्य आयोगाने त्याचं थोडं वादन तबकड्यांवर घेतलं. तेवढंच आज उरलं आहे. काही महिन्यांत, १९४८ च्या जानेवारीत, डब्लिनमध्ये उभ्या असलेल्या त्याच्या गाडीवर भिंत कोसळली. त्यातून तो पुरता सावरलाच नाही आणि १९५० साली गेला. रोजगार सांगितल्याने त्याचं संगीत खुजं झालं का? उलट कुठल्या परिस्थितीत तो ते वाजवत होता हे कळल्यावर कान अधिक टवकारतात.

आणि डोरनच्या समाजाची हकिगत तर या सगळ्या स्मरणरंजनाची परीक्षाच आहे. पत्र्याची भांडी करणारा, घोडे पारखणारा, बातम्या आणि सूर गावोगाव नेणारा प्रवासी आठवणींत फार गोड वाटतो. प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या आणि त्याचा धंदा बसला. १९६३ च्या सरकारी आयोगाने हा समाज म्हणजे सोडवायची एक समस्या आहे आणि त्याला स्थिर वस्तीत मिसळून टाकावं असं ठरवलं. स्वतंत्र वांशिक समूह म्हणून त्याला मान्यता मिळायला १ मार्च २०१७ उजाडावा लागला. मधल्या काळात, २००२ साली, परवानगीशिवाय जागेवर गाड्या लावून राहणं फौजदारी गुन्हा झाला. २०१७ सालीच इलिन पाइप्सचं वादन युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. ज्या जगण्यातून डोरनचं वादन उमललं ते जगणं बेकायदा आणि त्याचं वाद्य मात्र मानवतेचा वारसा. कामाचा, निवाऱ्याचा, पोटाचा विचार न करता नुसत्या ‘वल्लीं’वर प्रेम केलं की माणूस इथे येऊन पोहोचतो.

मग करायचं काय? साधनं हाताशी आहेत. लोकसाहित्य आयोगाचे संग्राहक सायकलवरून हिंडले, एडिफोन या ध्वनिमुद्रण यंत्राच्या मेणाच्या नळ्यांवर आवाज घेतले आणि सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव टिपून ठेवलं. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. डब्लिनजवळ जन्मलेल्या जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारताची भाषिक पाहणी केली, तिच्यात मराठी आणि कोकणी बोलींचेही नमुने आहेत; तिथे गावाजिल्ह्याचं नाव सापडतं, बोलणाऱ्याचं बहुधा नाही. आयोगाने ते नाव राखलं. पण पैशांची ओढाताण इतकी, की मजकूर उतरवून घेतला की मेण तासून नळी पुन्हा वापरायचे. शब्द राहिले, आवाज गेले. शाळकरी मुलांच्या त्या वह्या आता संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. त्यांतून कोण काय काम करायचा आणि त्याला काय मिळायचं हे वेचून मेयो काउंटीतल्या टरलॉ इथल्या ग्रामजीवन संग्रहालयातल्या फावड्या-टोपल्यांशेजारी लावायला काय हरकत आहे? गवताने शाकारलेलं घर प्रत्येक जाहिरातीत चमकतं, पण तसं घर असणाऱ्याला आज विमा मिळता मिळत नाही. आणि शाकारणी शिकणाऱ्या पोराला दरमहा काय हाती पडणार हे आधी ठरवलं नाही तर पुढच्या पिढीला ती जाहिरातीतच पाहावी लागेल.

हे सगळं फक्त गेलेल्या माणसांसाठी म्हणत नाही. आयर्लंडच्या खेड्यांत आजही राबणं चालूच आहे, माणसं तेवढी बदलली. गॉलवे काउंटीतल्या गॉर्ट गावात मांस कारखान्यात कामाला आलेले ब्राझिलियन लोक आता दुसऱ्या पिढीत आहेत. मशरूमच्या शेडमध्ये पूर्व युरोपातल्या बायका आहेत. टर्फ कापून हात झिजलेल्या म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या परिचारिकांत केरळच्या मुली आहेत, आपल्या मराठी मुलीही आहेत. त्यांच्या गोष्टी कुणीतरी पन्नास वर्षांनी ‘काय एकेक वल्ली होत्या’ म्हणत गोळा करण्याची वाट पाहायची गरज नाही. लोकसाहित्याची शिस्त ज्यांच्याकडे आहे त्यांनी आजच त्यांच्याकडे जावं, नाव-गाव लिहून घ्यावं आणि पहिला प्रश्न पगाराचा आणि कामाच्या तासांचा विचारावा.